उंबरठ्यापलीकडचे भय

इ. स. १८७१ मध्ये कार्ल वेस्टफाल या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने बर्लिन येथील आपल्या तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिघेही पुरुष होते. मोकळा चौक ओलांडावयाची वेळ आली म्हणजे त्यांच्या छातीत धडधड सुरू होई, अंग थरथरे आणि पाऊल पुढे पडत नसे. त्यांपैकी एक तर फिरता विक्रेता होता. रस्ता हेच त्याच्या उपजीविकेचे साधन. आपले भय निराधार आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. कोणी सोबतीस असले, किंवा हातात नुसती काठी असली, तरी धीर येई. ‘आगोरा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ बाजाराचा चौक असा आहे. त्यावरून वेस्टफालने या विकारास ‘अ‍ॅगोराफोबिया’ असे नाव दिले.

हे नाव काहीसे फसवे आहे. जेथून चटकन निघता येणार नाही, किंवा प्रसंगी मदत मिळणार नाही, अशा प्रत्येक स्थळाचे भय रुग्णास वाटते. खच्चून भरलेली आगगाडी, तिकिटाची लांबलचक रांग, नाट्यगृहातील मधली खुर्ची, नदीवरील पूल, आणि सरतेशेवटी स्वतःच्या घराचा उंबरठाही या यादीत येतो.

विकाराचा आरंभ बहुधा एका अकस्मात झटक्याने होतो. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षिकेचे हृदय काही कारण नसता जोराने धडधडू लागते, श्वास कोंडतो, बोटांना मुंग्या येतात, आणि आपण आता मरणार किंवा आपल्याला वेड लागणार असे तिला वाटते. शरीरात या वेळी जे घडते, ते मात्र अगदी जुने व उपयुक्त आहे. संकट समोर दिसताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, घामाने अंग थंड राहते. लढण्याची किंवा पळण्याची ही सिद्धता होय. या झटक्यात वाघ नसतो, सिद्धता तेवढी असते.

गुदमरल्यासारखे वाटले, तरी प्राणवायू कमी पडलेला नसतो. उलट, धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भोवळ आल्यासारखे होते. ‘मी शुद्ध हरपून पडेन’ ही भीती जवळजवळ सार्वत्रिक आहे. परंतु रक्तदाब एकाएकी उतरला म्हणजे मूर्च्छा येते, आणि झटक्यात तो बहुधा वाढलेला असतो. झटका काही मिनिटांत शिखरास पोचतो व मग आपोआप ओसरू लागतो.

परंतु शिक्षिका तितका वेळ थांबत नाही. ती घराकडे धाव घेते, तेथे बरे वाटते, आणि ‘घरी आले म्हणून वाचले’ असा चुकीचा धडा मन घेते. पुढच्या खेपेस बस टळते, मग बाजार, मग गल्लीचे टोक. झटका व त्याच्या धास्तीने होणारी टाळाटाळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामिन हे औषध दिले, तेव्हा रुग्णांचे झटके थांबले. तरीही बाहेर पडण्यास ते भीतच राहिले. त्यांना थोडे थोडे करून पुन्हा बाहेर न्यावे लागले.

उपचाराचे मर्म येथेच आहे. टाळलेल्या स्थळांची सोप्यापासून कठीणापर्यंत यादी करावयाची, पहिल्या ठिकाणी रोज जावयाचे, आणि भय उतरू लागेपर्यंत तेथेच थांबावयाचे. भय चढलेले असतानाच परतल्यास जुनाच धडा पक्का होतो. झटका आलाच तर श्वास सावकाश, विशेषतः सोडताना लांब, घ्यावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सांगितला जात नाही. दमा किंवा हृदयविकार असल्यास तो घातक ठरतो.

घरच्यांची मायाही येथे नकळत आड येते. कायमची सोबत, परस्पर आणून दिलेला भाजीपाला, ही वेस्टफालच्या रुग्णांची काठीच होय. ती हळूहळू काढून घ्यावी लागते. ‘मनाचे खेळ आहेत’ असे खडसावणे मात्र त्याहूनही निरुपयोगी. रुग्णाला ते आधीच ठाऊक असते.

छातीत प्रथमच दुखू लागल्यास डॉक्टरांकडून तपासून घेणे अवश्य आहे. अवटू ग्रंथीचा अतिरेक किंवा हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा यांचीही लक्षणे अशीच असतात. एकदा नीट तपासणी झाल्यावर तोच हृदयालेख वारंवार काढीत राहणे, हीदेखील एक प्रकारची काठीच. आज इमिप्रामिनपेक्षा सोसण्यास सुकर औषधे मिळतात; झोपेच्या व शामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, त्यांची सवय जडते. ज्याला दवाखान्यापर्यंत जाणेच अशक्य झाले आहे, त्याच्यासाठी भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस चालू असते, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते.