शाळेची वाट आणि रस्त्याची निगा

पावसाळ्यातील हजेरीपट लक्षपूर्वक पाहणाऱ्या शिक्षकाच्या ध्यानात एक गोष्ट येते. एखाद्या दिवशी पटावरील दहा-बारा मुले एकदम गैरहजर असतात आणि ती सारी एकाच वाडीतील असतात. त्या दिवशी वाडीत ना साथ असते, ना जत्रा. वाडी व शाळा यांच्यामधील ओढ्याला पाणी आलेले असते, एवढेच. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असावयास हवी. हे अंतर नकाशावर थोडे दिसते. परंतु मुलाला ते पायी तोडावयाचे असते, आणि वाटेत ओढा आडवा आला की जवळची शाळाही दूरची होते. म्हणून गावाचा रस्ता कोणाच्या ताब्यात असतो, तो कशाने खराब होतो व त्याची निगा कशी राखली जाते, हे शिक्षकानेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

रस्ता व शाळा यांचे जुने नाते

शाळा आणि रस्ता यांचा संबंध आजचा नाही. मुंबई इलाख्यात १८६३ पासून स्थानिक कामांसाठी जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा उपकर घेण्यास प्रारंभ झाला. या ‘लोकल फंडा’चा दोन तृतीयांश भाग रस्त्यांकडे व उरलेला एक तृतीयांश भाग शाळांकडे जात असे. म्हणजे शेतकऱ्याने दिलेल्या एकाच आण्यातून गावाची शाळाही चाले आणि गावाकडे येणारी वाटही होई. विदर्भ व मराठवाडा हे भाग त्या काळी निराळ्या राजवटींत होते. तथापि पुढे महाराष्ट्र राज्यात सर्वांना एकच व्यवस्था लाभली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. त्यानंतर महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विचार करून अहवाल दिला, १९६१ चा अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शिक्षण समिती व बांधकाम समिती एकाच जिल्हा परिषदेत नांदू लागल्या. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे २९ विषय दिले आहेत. त्यांत रस्ते, मोऱ्या व पूल आहेत, तसेच प्राथमिक शाळाही आहेत.

रस्ता कोणाचा?

रस्त्याविषयी गावात तक्रार पुष्कळ होते, पण ती योग्य ठिकाणी क्वचितच पोचते. याचे मुख्य कारण, रस्ता कोणाचा हेच ठाऊक नसते. रस्त्यांचे सामान्यतः पाच वर्ग मानले जातात : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राष्ट्रीय महामार्ग केंद्र शासनाचे असतात. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातील गल्ल्या व अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे.

मुलांना हे वर्ग शिकविण्यास किलोमीटरचे दगड फार उपयोगी आहेत. दगडाचा माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर ग्रामीण मार्ग समजावा. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून बांधलेल्या रस्त्यांवर माहितीचा फलक असतो. या योजनेत काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षे रस्त्याची देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदारावरच असते. फलकावरील काम पूर्ण झाल्याची तारीख वाचून ही मुदत उरली आहे की संपली, हे चौथीच्या मुलालाही वजाबाकीने काढता येईल.

रस्त्याचा खरा शत्रू

रस्ता वाहनांनी झिजतो हे खरे, परंतु तो मोडतो मुख्यतः पाण्याने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम याने रस्तेबांधणीचे एक साधे तत्त्व प्रतिपादिले. वाहनाचा भार अखेर खालची जमीनच पेलते; ती कोरडी राहिली तर रस्ता टिकतो, भिजली तर खचतो. वरील खडीचा थर म्हणजे जमिनीवर घातलेले छप्पर होय. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत हे तत्त्व विशेष जाणवते. ही माती भिजली की फुगते व सुकली की भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्ता पावसाळ्यात मऊ पडतो आणि उन्हाळ्यात तडकतो.

पाणी दूर ठेवण्यासाठी रस्त्याला तीन गोष्टी दिलेल्या असतात. पहिली म्हणजे मधला उंचवटा. रस्ता मध्यभागी किंचित उंच व दोन्ही कडांना उतरता असतो. खडीच्या रस्त्यास हा उतार दर मीटरमागे सुमारे अडीच ते तीन सेंटीमीटर आणि डांबरी रस्त्यास दोन ते अडीच सेंटीमीटर ठेवतात. दुसरी म्हणजे बाजूपट्टी. ती डांबरापेक्षा उंच झाली, किंवा तिच्यावर गवत व माती साचली, तर पाणी रस्त्यावरच थांबते. तिसरी म्हणजे बाजूचा चर व मोरी. चर पाणी गोळा करतो आणि मोरी ते रस्त्याखालून पलीकडे नेते.

यांतील एक जरी निकामी झाली तरी खड्ड्याचा जन्म होतो. साचलेले पाणी डांबराच्या बारीक तड्यातून आत उतरते. वरून चाक गेले की ते पाणी दाबले जाते व आतील बारीक मुरूम घेऊन बाहेर उसळते. आत पोकळी होते, वरचा थर बसतो आणि खड्डा पडतो. म्हणून नुसता खड्डा बुजविणे हा अर्धा उपाय होय. तुंबलेला चर तसाच राहिला तर खड्डा पुढील पावसात पुन्हा पडणारच. मृगापूर्वी चर उपसणे व मोरीचे तोंड मोकळे करणे ही कामे फावड्या-घमेल्याची आहेत. ती चुकली तर पुढे खडी, डांबर व रोलर यांचा खर्च येतो.

मोरी, फरशी आणि पूल

एकंदर लांबी ६ मीटरपर्यंत असलेल्या बांधकामास मोरी म्हणतात. त्याहून मोठा व ६० मीटरपर्यंतचा तो लहान पूल, आणि त्यापुढील मोठा पूल. ओढ्याच्या पात्रालगत बांधलेली ठेंगणी फरशी पुराचे पाणी आपल्यावरून जाऊ देण्यासाठीच असते. फरशीवर पाणी आले म्हणजे ती बिघडली असे नव्हे; तेवढा वेळ वाट बंद आहे, असा त्याचा अर्थ.

पुलाला खरा धोका पायाशी असतो. वेगाने वाहणारे पाणी खांबांभोवतालची वाळू व माती खरवडून नेते. वरून पूल धड दिसतो, पण खाली आधार उरत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. तेथे नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पण गेलेली माणसे परतली नाहीत. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक लावणे हे शासनाचे काम. तो वाचून थांबण्याची सवय मात्र शाळेतच लागावयास हवी.

वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाण्यात धडधाकट प्रौढाचाही पाय सुटतो. लहान मुलाच्या तर ते मांडीला लागते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशीची कड कोठे संपते आणि कोठे ती वाहून गेली आहे, हे दिसत नाही.

शाळेने काय करावे?

रस्ता दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम नाही. परंतु पाहणे, नोंदणे व कळविणे हे त्याला इतरांहून अधिक चांगले जमते. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन शाळेच्या वाटांची एक परिसर-सहल काढावी. मुलांनी वाटेचा नकाशा काढावा. त्यात मोऱ्या, फरशा, साकव व तुंबलेले चर दाखवावे. जेथे पदपथ नाही तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील असे चालण्याचा सराव याच सहलीत द्यावा.

पावसाळ्यात एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या फरशीवर, किती वेळ पाणी होते आणि त्यामुळे किती मुले येऊ शकली नाहीत, एवढेच तीत लिहावे. ‘आमचा रस्ता वाईट आहे’ या वाक्याने कोणत्याही कार्यालयातील कागद फारसा हलत नाही. ‘जुलैमध्ये सहा दिवस अमुक वाडीची अकरा मुले शाळेस मुकली’ अशी तारीखवार नोंद मात्र सहजासहजी बाजूस सारता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ही नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तिचा विचार होऊ शकेल. रस्ता जिल्हा परिषदेचा असल्यास तालुक्याच्या उपअभियंत्यास लेखी कळवावे व पत्राची पोच जपून ठेवावी.

आणि ज्या दिवशी पाणी चढेल त्या दिवशीचा नियम आधीच ठरलेला असावा. शाळा भरल्यानंतर पाणी वाढले तर पलीकडच्या मुलांना सोडू नये. पाणी उतरेपर्यंत अथवा पालक सुरक्षित वाटेने येईपर्यंत ती शाळेत किंवा अलीकडच्या घरी राहतील, अशी व्यवस्था पालकांशी जूनमध्येच बोलून ठेवावी. सकाळीच पाणी असेल तर मुलाने घरी थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यास त्याबद्दल बोल लावू नये. हजेरीचे बक्षीस मिळावे म्हणून एखादे मूल पाण्यात उतरत असेल, तर त्या बक्षिसाचा नियम बदलणे शिक्षकाच्या हाती आहे. बुडालेला पाठ पुन्हा शिकविता येतो.