अळंबीतले विष: उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला नाही

विषारी पदार्थ कडू लागतो, शिजवला की विष मरते आणि बाधा झालीच तर पोट लगेच बिघडते, असे आपण धरून चालतो. ‘डेथ कॅप’ या अळंबीने या तिन्ही समजुती खोट्या ठरवल्या आहेत. फिकट हिरवट टोपीची ही अळंबी मूळची युरोपातली. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी ती वाढते आणि अशा झाडांच्या रोपांबरोबर ती कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. ती खाऊन वाचलेली माणसे सांगतात, चव छान होती.

तिच्यातले मुख्य विष अल्फा-ॲमानिटिन. आठ अमिनो आम्लांचा हा रेणू उकळून, तळून वा वाळवून नष्ट होत नाही. प्रथिने बनवायची तर पेशीला आधी डीएनएवरच्या मजकुराची नक्कल उतरवावी लागते. हे काम करणाऱ्या विकराला हे विष जखडून टाकते. नक्कल थांबते, प्रथिने थांबतात, पेशी मरते. यकृतात शिरलेले विष पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा शोषले जाते, त्यामुळे यकृतावर घाव बसतच राहतात. एक मोठी अळंबीही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते.

सर्वांत घातक आहे तो उशीर. पहिले ६ ते १२ तास बहुधा काहीच जाणवत नाही. मग मुरडा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. एखाद्या दिवसाने ते थांबतात, रुग्णाला बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात; आत मात्र यकृत निकामी होत असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. हमखास उतारा अजून नाही. सलाईन, सक्रिय कोळसा, सिलिबिनिन हे औषध आणि शेवटी यकृत प्रत्यारोपण, अशा उपायांवरच डॉक्टरांची भिस्त असते.

कोवळी डेथ कॅप आशियात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या भातपेंढ्याच्या अळंबीसारखी दिसते, म्हणून परदेशी गेलेले जाणते लोकही फसले आहेत. वारुळावरची अळंबी अचूक ओळखणाऱ्या आपल्याकडच्या माणसांचे ज्ञान मोलाचे आहे, पण ते त्या मातीपुरते. चांदीचे नाणे काळे पडते का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षांवर मुळीच विसंबू नका. अनोळखी अळंबी खाऊ नका. चुकून खाल्ली गेलीच तर त्रासाची वाट न पाहता, उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.