पुरानंतर जुनी भिंत कशी तपासावी?

जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला, तेव्हा अकोल्यात काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरले. जुने शहर भागातल्या मातीच्या भिंतींना अशा पाण्याचा धोका ओसरल्यानंतरही राहतो.

भिंत बोटाने ठोकून पाहावी. बद्द, पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटला आहे. तळाशी पांढरा लोणा दिसला, तर ओल जमिनीतून चढते आहे. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून थेंब जमले, तर ओल भिंतीतच आहे. तुळईची टोके टोच्याने तपासावीत. टोच्या सहज रुतला, तर लाकूड कुजले आहे.

अशा भिंतीला घाईने सिमेंटचा गिलावा करणे ही नेहमीची चूक. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. आतली माती मऊ होते आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत पुढच्या पावसात बसते.

म्हणून आधी पन्हळ आणि अंगणाचा उतार दुरुस्त करावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग माती किंवा चुन्याचा गिलावा करावा. भिंतीला फुगवटा आला असेल, तर मात्र त्या खोलीत झोपू नये. आधी अभियंत्याला दाखवावी.