दाखला कसा वाचावा? उमरठच्या बांधावरून येशूच्या गोष्टींकडे

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या परिसरात डोंगरउतारावर शेती करणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. मृगाच्या सरी पडल्या की कातळावरच्या बोटभर मातीत हिरवळ सगळ्यात आधी दिसते, आणि पावसाने ओढ दिली की तीच सगळ्यात आधी करपते. येशू ख्रिस्ताच्या पेरणाऱ्याच्या गोष्टीत हेच घडते. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. येशूच्या गालील प्रांतातले शेतकरी बी हाताने फेकून पेरत आणि गव्हा-जवाची पेरणी पावसाळी हिवाळ्याच्या तोंडाशी करत. आपल्याकडचा राब आणि लावणी त्यांच्याकडे नव्हती. पण पातळ मातीची लबाडी तीच.

अशा गोष्टीला मराठी बायबलमध्ये ‘दाखला’ म्हणतात. हा शब्द ऐकताच आपल्याला तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला आठवेल, पण इथे अर्थ ‘दाखला देणे’ यातला आहे: एक गोष्ट समजावी म्हणून शेजारी दुसरी ठेवणे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘बाजूला ठेवणे’ असाच आहे. हे दाखले मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, आहेत.

ते वाचायला लागणारे अवजार मराठीत सातशे वर्षांपासून आहे. महानुभाव पंथाच्या केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या 114 दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ रचला. त्यात प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग आहेत. सूत्र म्हणजे सांगायचा मुद्दा, दृष्टांत म्हणजे गोष्ट आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतून नेमके काय घ्यायचे ते. हे तीन शब्द लक्षात ठेवा. येशूच्या बहुतेक दाखल्यांत मधला भाग तेवढा ठळक दिसतो. सूत्र आसपास शोधावे लागते आणि दार्ष्टांतिक पुष्कळदा ऐकणाऱ्यावर सोडलेले असते.

म्हणून पहिले काम सूत्र शोधण्याचे. गोष्टीच्या आधीच्या चार ओळी वाचा. कोण बोलत होते, कुणी काय विचारले, कोण कुरकुरत होते? सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण प्रवचनात किंवा लहान मुलांच्या पुस्तकात गोष्ट सुटी काढून दिलेली असते.

हरवलेल्या मेंढराचा दाखला घ्या. शंभरातले एक मेंढरू चुकते, धनी नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. लूकच्या पंधराव्या अध्यायात ही गोष्ट परूशी आणि शास्त्री यांना सांगितली आहे. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा गट. येशू जकातदार आणि पापी लोकांच्या पंगतीला बसतो, अशी त्यांची तक्रार होती. मत्तयच्या अठराव्या अध्यायात तीच गोष्ट शिष्यांना सांगितली आहे. तिथे रोख आपल्यातल्या लहानांपैकी कुणी भरकटला तर त्याला सोडून देऊ नका यावर आहे. गोष्ट एक, सूत्रे दोन. त्यामुळे दाखला एकाहून अधिक शुभवर्तमानांत असेल तर तो दोन्हीकडे वाचावा.

दुसरे काम म्हणजे त्या काळच्या श्रोत्याला न सांगता कळणाऱ्या गोष्टी आपण माहीत करून घेणे. गव्हात शत्रूने निदण पेरले, ही गोष्ट ऐकताना ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखेच दिसते हे ठाऊक नसेल, तर सुरुवातीलाच कुणी ते ओळखून उपटले का नाही हे कळत नाही. दिनार हे नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हे ठाऊक नसेल तर पुढे येणाऱ्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतला वाद हवेत राहतो.

आणि ‘शोमरोनी’ हा शब्द. इथे थोडे थांबू या, कारण सगळ्यांत प्रसिद्ध दाखलाच आज सगळ्यांत कमी ऐकू येतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. एक याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित बघून पुढे जातो. मंदिरसेवा करणारा लेवीही तसाच जातो. तिसरा, शोमरोनी, थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो. आज ‘चांगला शोमरोनी’ म्हटले की परोपकारी माणूस एवढेच मनात येते. त्या श्रोत्यांना मात्र हे दोन शब्द एकत्र ऐकणेच अवघड होते. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. शोमरोनी यरुशलेमचे मंदिर मानत नसत, त्यांचे पवित्र स्थान गरिज्जीम डोंगर होते.

तो धक्का समजायला उमरठहून फार लांब जावे लागत नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यासाठी त्यांच्यातल्या कित्येकांना मार खावा लागला आणि नंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. आता हा दाखला त्या शुद्धीकरण करणाऱ्यांना सांगितला आहे असे समजा. रस्त्यावर पडलेला माणूस त्यांच्यातला. त्याला टाळून गेलेले दोघेही त्यांच्यातले, मान्यवर. आणि त्याला उचलून पाणी पाजणारा, ज्याच्या स्पर्शाने तळे विटाळले म्हणून त्यांनी ते धुतले, तो. तुलना पुरती जुळत नाही, कारण शोमरोनी हे यहुद्यांनी दाबून ठेवलेले नव्हते, तो प्रतिस्पर्धी समाज होता. पण ऐकणाऱ्याचा घास घशात अडकतो तो असा.

आता आधीच्या ओळी पाहा. एका शास्त्र्याने विचारले होते की माझा शेजारी कोण. म्हणजे प्रेम कुणावर करायचे याची हद्द त्याला आखून हवी होती. गोष्ट संपल्यावर येशू प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर देतो, पण ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो. माझ्या मते लूकच्या लेखणीची सगळी ताकद त्या न उच्चारलेल्या शब्दात आहे.

यातून तिसरे काम आपोआप निघते: गोष्ट कुठे खटकते ते शोधा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा मजूर आणतो आणि शेवटी तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. भर लावणीत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला हे विचारून पाहा, तिला ते खटकणारच. खटकणे गुळगुळीत करून टाकू नका. पहाटेच्या मजुराला ठरल्यापेक्षा कमी मिळालेले नाही, आणि उशिरा आलेल्याच्या घरीही त्या रात्री चूल पेटायची आहे. दाखल्याचा अर्थ या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

चौथे काम हात आवरण्याचे. प्रत्येक तपशिलाचा गूढार्थ काढण्याचा मोह होतो आणि तो थोरामोठ्यांनाही झाला. संत ऑगस्टीनने जखमी प्रवासी म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला. भक्तीने वाचले तर ते सुंदर आहे, पण शास्त्र्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात हरवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने याला कडक विरोध केला आणि दाखल्यात एकच मुद्दा असतो असे मांडले.

तानाजी मालुसरे यांच्या उमरठमध्ये हे समजावणे सोपे आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य तिथल्या पोरालाही पाठ असते. सिंहाची आयाळ म्हणजे काय आणि शेपूट म्हणजे काय, असे कुणी विचारत नाही.

तरी युलिखरचा नियमही ताणू नये. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ शुभवर्तमानातच जमिनीच्या चारही प्रकारांसह दिला आहे. बी म्हणजे वचन, वाट म्हणजे ऐकून न समजणारा, खडकाळी म्हणजे संकट येताच ढळणारा, काटे म्हणजे संसाराची चिंता आणि धनाचा मोह. तिथे तपशील बोलतात, कारण ग्रंथच त्यांना बोलायला लावतो.

आणखी एक फसण्याची जागा म्हणजे वाईट पात्रे. लूकच्या सोळाव्या अध्यायात अफरातफर करणाऱ्या कारभाऱ्याचे धनी कौतुक करतो, आणि वाचक गोंधळतो. कौतुक त्याच्या लबाडीचे नाही, वेळ ओळखून हालचाल करण्याचे आहे. अठराव्या अध्यायात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मिळवते. इथे देव त्या न्यायाधीशासारखा आहे असे म्हणायचे नाही. असला माणूसही शेवटी ऐकतो, मग देव किती ऐकेल, असा तो रोख आहे. वाईट पात्र दिसले की कशाशी तुलना चालली आहे ते आधी पाहावे.

शेवटचे काम म्हणजे आपण गोष्टीत कुठे उभे आहोत ते पाहणे. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्याच उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आपण सहसा सगळे उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाच्या जागी उभे राहतो. पण ती ऐकणारे कुरकुरणारे परूशी होते, आणि त्यांच्यासाठी गोष्टीत थोरला भाऊ आहे. धाकट्यासाठी मेजवानी चालली आहे म्हणून तो रागाने दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

सुरुवात करायची असेल तर लूकचा हाच पंधरावा अध्याय उघडा. तो 32 वचनांचा आहे. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा, आणि कुरकुर कुणाची होती हे सांगणारी पहिली दोन वचने गाळू नका.