मनगटातून अँजिओग्राफी: घट्ट पट्ट्याचा गैरसमज

बंगळुरूत बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या जयदेव हृदयरोग संस्थेत काय किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात काय, ‘हातातून केली’ म्हटलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. ‘आता काही धोका नाही’ असं ते एकमेकांना सांगतात. यातलं अर्धं खरं आहे. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या लुसियन काम्पो यांनी मनगटाच्या धमनीतून अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्या मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं की मांडीपेक्षा या वाटेनं गंभीर रक्तस्राव कमी होतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

नेहमी आढळणारी गुंतागुंत म्हणजे धमनीत गुठळी होऊन ती बंद पडणं. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली, तर पहिल्या दिवसात शंभरामागे सात-आठ जणांत हे घडतं. काहींची धमनी पुढे आपोआप उघडते. ‘म्हणजे हात गेला!’ ही भीती मात्र अनाठायी. करंगळीच्या बाजूची दुसरी धमनी तळहातातल्या कमानीतून पंजाला रक्त पुरवते, त्यामुळे बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तरी तोटा होतोच: पुढच्या वेळी ती वाट मिळत नाही, बायपाससाठी ती धमनी वापरता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (धमनी आणि शिरेच्या जोडणीसाठी) हाताच्या रक्तवाहिन्या राखाव्या लागतात, म्हणून तो आजार डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रक्रियेनंतर रक्त थांबवायला मनगटावर पट्टा बांधतात. त्याबद्दलचा सगळ्यात घातक समज म्हणजे ‘पट्टा जितका घट्ट, तितकं बरं’. रक्त थांबेल, पण धमनीतला प्रवाहही थांबेल आणि तिथेच गुठळी धरेल. योग्य पद्धतीत पट्ट्यातली हवा थोडी थोडी सोडत, रक्त गळणार नाही इतकाच दाब ठेवतात, आतला प्रवाह चालू राहिला पाहिजे. प्रक्रियेच्या वेळी हेपॅरिन दिलं जातं तेही गुठळी होऊ नये म्हणूनच.

‘नाडी लागते, म्हणजे सगळं ठीक’ हेही पुरेसं नाही. तळहाताकडून उलट येणाऱ्या रक्तामुळे बंद धमनीतही ठोका लागू शकतो. म्हणून अंगठ्याला ऑक्सिमीटर लावतात, करंगळीकडची धमनी बोटानं दाबतात आणि पडद्यावरची लाट पाहतात. लाट सपाट झाली तर शंका घ्यायची. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पट्टा काढल्यावर ती झाली का, हे नर्सताईंना खुशाल विचारा. लवकर कळलं तर करंगळीकडची धमनी तासभर दाबून प्रवाह परत आणता येतो.

घरी निघाल्यावर, विशेषतः बेळगावकडचा रात्रीचा प्रवास असेल तर, बॅग दुसऱ्या हातात घ्या. रक्त आलं तर बसून जागा बोटांनी दाबून धरा, थांबलं नाही तर १०८ लावा. हात ताणून सुजला, खूप दुखू लागला, बोटं गार किंवा बधिर पडली, मनगटावर ठोके देणारी गाठ आली, तर मालिश किंवा शेक न देता तातडीनं रुग्णालय गाठा.