खीर, भाकरी आणि जलसा

एप्रिल-मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की घराघरात एकच प्रश्न असतो : मुलांना न्यायचे कुठे? थंड हवेच्या ठिकाणी जाणे आपल्या पगारात बसत नाही. मॉलमध्ये नेले तर एका दुपारी आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात आणि मुले जशी गेली तशीच परत येतात. परंतु थोडा विचार केला तर आपला मोठा उत्सव याच दिवसांत येतो. 11 एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, पुढे वैशाख पौर्णिमा आणि 27 मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन. या 47 दिवसांत वस्तीवस्तीत गाणे असते, जेवण असते. त्याला तिकीट लागत नाही. फक्त कुठे जायचे आणि काय पाहायचे, हे ठाऊक हवे.

मांडवात काय पाहाल?

बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी 14 एप्रिल 1928 रोजी पुण्यात साजरी केली. आज चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि मध्य प्रदेशातील महू येथे या दिवशी लाखोंचा समुदाय लोटतो. पुण्यात असाल तर गंज पेठेतील फुलेवाडा मुलांना जरूर दाखवा. मात्र गर्दीत अभिवादन करून लगेच माघारी फिरू नका. पुस्तकांच्या स्टॉलवर थांबा, मुलांना एक तरी पुस्तक त्यांच्या पसंतीने घेऊ द्या. कोपऱ्यात कोणी पेटी-ढोलकी घेऊन गात असेल तर तिथे अर्धा तास बसा.

त्या गाण्याला मोठी परंपरा आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साज घेऊन जलसा उभा केला. 1930च्या दशकात शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशातील गणात गणपतीचे स्तवन असे. जलशात त्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती या जलशांतून. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर हेच काम केले. 15 मे 2004 रोजी ते गेले. त्यांचा स्मृतिदिनही याच दिवसांत येतो, तेव्हा विहारात निदान एक संध्याकाळ त्यांच्या गीतांची ठेवता येईल. आज एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरून घराघरात पोचल्या आहेत. पण समोर बसून गाणे ऐकणे वेगळे. गाणाऱ्याला समोरची माणसे दिसली की गाणे वाढत जाते.

सुजातेची खीर

वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान होते. मुलांच्या हाती द्रोण देताना त्यामागची कथाही सांगावी. देहाला उपाशी मारून ज्ञान मिळत नाही, हे उमगल्यावर सिद्धार्थ गौतमाने सुजाता या गावातल्या स्त्रीने दिलेली खीर स्वीकारली. म्हणजे अन्नाला कमी लेखणारा हा धम्म नाही आणि अन्न देणाऱ्या स्त्रीलाही तो कमी लेखत नाही. उपासिकांना एक सूचना : उन्हाळ्यात दूध लवकर नासते, म्हणून खीर त्याच दिवशी करावी, झाकून ठेवावी आणि दोन-तीन तासांत वाटून संपवावी. शेजारी पाण्याचे माठ ठेवले तर येणाऱ्या-जाणाऱ्याचीही सोय होईल.

आपल्या चुलीवरचे पदार्थ

अन्नमहोत्सव म्हटले की शहरातल्या मोठ्या मैदानावरचे महागडे स्टॉल डोळ्यांसमोर येतात. तिथे ठेचा-भाकरीला मोठा भाव असतो. आणि तीच ठेचा-भाकरी डब्यात घेऊन कामावर जाणारे आपण, पदार्थाचे नाव सांगताना कधी कधी आवाज खाली करतो. हे का व्हावे? शाहू पाटोळे यांनी 2015 साली आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांतले पदार्थ कृतींसह लिहून ठेवले. 2024 साली ते इंग्रजीतही आले. ज्या जेवणाला कोणी पाककलेच्या पुस्तकात जागा दिली नव्हती, त्याला पुस्तक मिळाले.

म्हणून जयंतीच्या मैदानात महिला मंडळांनी आपलेच स्टॉल लावावेत. मराठवाड्याकडची आंबील, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. कोकणातली तांदळाची भाकरी, सुकट, कुळथाची पिठी, फणसाची भाजी. नागपूरकडची लांब रोटी तर मुलांनी पाहावीच : कणीक इतकी सैल की पोळपाटावर लाटता येत नाही, बाई ती हातांवर झेलत झेलत लांबवते आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकते. ही कलाच आहे. प्रत्येक पदार्थापुढे पाटी लावा. त्यावर पदार्थाचे नाव आणि तो कोणत्या भागातला, हे ठळक लिहा.

अन्न आणि गाणे हे आपल्याकडे वेगळे नव्हतेच. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत. एका हाताने दाणे टाकत, दुसऱ्या हाताने खुंटा फिरवत आणि तोंडाने ओवी म्हणत. त्यात बाबासाहेबांच्या ओव्या होत्या, रमाईच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिच्याजवळ अजूनही दोन-चार ओव्या सापडतील. सुट्टीत नातवंडांनी त्या मोबाईलवर रेकॉर्ड कराव्यात. आजी गेल्यावर त्या मिळणार नाहीत.

मे महिन्यातले कोकण

मुंबईतील चाकरमानी मे महिन्यात गावी जातात, म्हणून कोकणात अनेक गावी बुद्ध-भीम जयंती एकत्रित आणि मे महिन्यातच होते. सकाळी वंदना, दुपारी पंगत, रात्री गावच्याच मुलांचे नाटक असा थाट असतो. मंडणगडजवळ बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, दापोलीजवळ रमाईचे माहेर वणंद. त्या बाजूला जाणार असाल तर ही दोन्ही गावे मुलांना दाखवून या.

वर्गणीची वही

आता एक व्यवहाराची गोष्ट. तरुणांना नाचायला आवडते, त्यात गैर काही नाही. पण आपल्या मंडळाची वर्गणीची वही उघडा. डीजे, कमान आणि बॅनरवर किती गेले, तो आकडा एका बाजूला लिहा. शाहिराचे मानधन आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांची मजुरी दुसऱ्या बाजूला लिहा. पुष्कळ ठिकाणी दुसरी बाजू कोरीच निघेल. शाहिराला शाल मिळते, बायांना 'तुमचेच काम आहे' असे सांगितले जाते. शालीवर घर चालत नाही. ज्या शाहिराला वर्षाचे उत्पन्न याच दोन महिन्यांत मिळते, त्याला मानधन मिळाले नाही तर त्याचा मुलगा ढोलकी कशाला हातात घेईल? बाईच्या हातच्या रोटीला दाम मिळाला नाही तर तिची सून ती शिकणार कशी?

तेव्हा यंदाच्या बैठकीत तीन ठराव मांडा. वर्गणीतील ठरावीक वाटा कलावंताच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढावा. स्टॉलवरची कमाई स्वयंपाक करणाऱ्या महिलांचीच असावी. आणि एक संध्याकाळ डीजेविना, फक्त ढोलकी, दिमडी आणि एकतारीवर व्हावी. त्या संध्याकाळी सहकुटुंब पुढच्या रांगेत बसा, घरच्या डब्यातली भाकरी शेजाऱ्याला द्या आणि मुलांना गाण्यामागचा इतिहास सांगा.

जयभीम!