माशाच्या तोंडाला लागले तर?



आपल्या शाळेत काचेच्या पेटीत गोल्डफिश मासे आहेत. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी काचेवर जोरात टिचकी मारली. मोठा मासा दचकून सुसाट पळाला आणि आतल्या दगडावर आपटला. त्याचा वरचा ओठ फाटला. मी घाबरलो. दोन दिवस कुणाला सांगितलेच नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले, तोवर जखम पांढरी पडली होती. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आता त्याला बरं करायचं काम तुझंच." तेव्हा जे शिकलो ते लिहितो.

आपले तोंड दुखले तरी नाकाने श्वास घेता येतो. माशाचे तसे नाही. तो तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. पाण्यातला प्राणवायू कल्ले शोषून घेतात. म्हणजे माशाचे खाणे तोंडाने आणि श्वासही तोंडानेच. म्हणून तिथली जखम लवकर ओळखावी. मासा खाणे तोंडात घेऊन टाकून देतो, तोंड मिटत नाही किंवा वाकडे दिसते, या तिच्या खुणा आहेत.

मग काय करावे?

१) जखमी मासा वेगळ्या टाकीत ठेवावा. दुसरे मासे जखमेला टोचतात.

२) पाणी स्वच्छ ठेवावे. हेच खरे औषध. रोज पाव भाग पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते, म्हणून ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे.

३) दहा लिटर पाण्याला चहाचे दोन सपाट चमचे मीठ पुरे. ते आधी मगात विरघळवून हळूहळू ओतावे. पाणी बदलताना काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे, जास्त नको.

४) खाणे भिजवून, मऊ करून, अगदी थोडे द्यावे. उकडलेला वाटाणा साल काढून कुस्करला तर चालतो. उरलेले लगेच काढावे. मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी मरत नाही.

५) हळद, तेल, मलम पाण्यात टाकू नये.

जखमेवर कापसासारखे पांढरे वाढू लागले तर ती बुरशी असते किंवा जंतूंचा रोग असतो. जबडा निखळलाही असेल. अशा वेळी आपण ओढाताण करू नये, गुरांच्या डॉक्टरांना विचारावे.

आमचा मासा पाचव्या दिवशी वाटाणा खाऊ लागला. दोन आठवड्यांत जखम भरली. पण ओठ थोडा वाकडा राहिला, तो आता तसाच राहणार.

पेटीतला टोकदार दगड आम्ही काढून टाकला. मित्रांनो, काचेवरची टिचकी माशाला साऱ्या अंगाला जाणवते. बघायचे तर डोळ्यांनी बघा, बोटांनी नको. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी